जपानी आणि आफ्रिकान्स : मराठी माणसाला जवळची कोणती?

मृण्मयी_पार्ल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहायला घेतलं.

पुण्यात असताना मी चार वर्षं जपानी शिकले. एन-३ पास झाले (जपानीच्या परीक्षेच्या पातळ्या, एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड), एन-२ ची पुस्तकं आणली आणि तेवढ्यात नवऱ्याच्या नोकरीमुळे बाडबिस्तरा उचलून आम्ही दक्षिण आफ्रिकेत पार्लला आलो. पार्ल म्हणजे केपटाउनपासून साठेक किलोमीटरवर, द्राक्षाच्या मळ्यांचं गाव. इंग्रजीवर निभावतं, पण दुकानात, दवाखान्यात, कुंपणापलीकडच्या शेजारणीकडे, सगळीकडे कानावर पडते ती आफ्रिकान्स. म्हणून दीड वर्षापासून तीही शिकतेय.

ज्याला सांगावं तो म्हणतो, अगं आफ्रिकान्स तर एकदम सोप्पी, जपानी केलीस तर ही हातचा मळ. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवणारी संस्था आहे तिच्या हिशोबातही आफ्रिकान्स सगळ्यात सोप्या गटात, २४ ते ३० आठवड्यांत होणारी, आणि जपानीला ८८ आठवडे म्हणजे २२०० तास. पण हा हिशोब इंग्रजी बोलत वाढलेल्यांचा आहे हो! माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे.

जपानी वाक्य मला कधी जुळवावं लागलं नाही. 'किनोऽ कात्ता होन' म्हणजे काल घेतलेलं पुस्तक, शब्दाला शब्द ठेवा, झालं. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे, 'ताबेते शिमाउ' खाऊन टाकणे. इंग्रजीतल्या पुस्तकात या 'ते' रूपावर पानंच्या पानं खर्ची घातलेली असतात, आणि आमच्या सरांनी फळ्यावर फक्त 'खाऊन, जाऊन, बघून' लिहिलं आणि अख्ख्या वर्गाला कळलं. वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात तो तर सरळ आपला 'ना'. 'आत्सुइ देसु ने', गरम होतंय ना.

आता आफ्रिकान्स. क्रियापद कुणासाठीच बदलत नाही, एक प्रात (मी बोलते), येय प्रात, हेय प्रात, ऑन्स प्रात, संपलं. लिंग नाही, पुस्तक ते की ती भानगड नाही. सोपं म्हणतात ते खोटं नाही. पण बोलायला तोंड उघडलं की माझं क्रियापद आपोआप शेवटी जातं आणि समोरची बाई वाट बघत थांबते. शिवाय नकार दोनदा द्यावा लागतो, 'एक प्रात नी आफ्रिकान्स नी', यातला दुसरा 'नी' मी निम्म्या वेळा विसरते.

तर प्रश्न असा, की आपल्याला, म्हणजे मराठीत विचार करणाऱ्यांना, खरंच जवळची कोणती? आणि माझ्याकडे रोजचा एकच तास असेल तर एन-२ पुढे नेऊ की आफ्रिकान्स नीट शिकू?

पार्लेकर

शीर्षकाखाली 'पार्ल' वाचून मी आनंदाने धागा उघडला, वाटलं आपल्या पार्ले पूर्वेला कोणीतरी आफ्रिकान्सचे क्लास काढले :) असो, बसलोय वाचत.

नागोयाचा_नाना

व्याकरण जवळचं हे शंभर टक्के मान्य. पण मृण्मयी, तुम्ही एन-३ ला थांबलात म्हणून हे म्हणताय, राग मानू नका. मी इथे अकरा वर्षं आहे. बोलण्यात पहिल्या दोन वर्षांत तरलो, वाचण्यात अजून गटांगळ्या खातो.

रविवारचा साधा शब्द घ्या, 'निचियोऽबि'. यात दिवसाचं एकच चिन्ह पहिल्या आणि शेवटच्या जागी आहे, पहिल्यांदा ते 'निचि' वाचायचं आणि शेवटी 'बि'. तेच चिन्ह 'आज' लिहिताना दुसऱ्या चिन्हाबरोबर मिळून 'क्योऽ' होतं, आणि महिन्याच्या १ तारखेला 'त्सुइताचि'. अशी रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेली २१३६ चिन्हं. मग मोजणं. पेन्सिल असेल तर 'इप्पोन', कागद 'इचिमाइ', मांजर 'इप्पिकि', माणूस 'हितोरि', आणि हे सगळं नुसतं 'एक' म्हणायला! आणि आदरार्थी बोली, तिच्यात खाणे हे क्रियापदच बदलतं, मी खातो ते 'इतादाकु', साहेब खातात ते 'मेशिआगारु'. आपण 'तुम्ही' म्हणून मोकळे होतो. ऑफिसातलं चार ओळींचं पत्र मी आजही शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवल्याशिवाय पाठवत नाही.

आफ्रिकान्स मला शून्य येते, पण रोमन लिपी आहे आणि जसं लिहितात तसं बहुतेक वाचतात म्हणे. या एकाच गोष्टीवर माझं मत आफ्रिकान्सला.

अनघा_देव

@नाना, लिपीचं बरोबर, पण कानाचं आणि तोंडाचंही बघा ना. जपानी 'आ इ उ ए ओ' आपल्या तोंडात बसलेलेच आहेत. आणि त्यांची अक्षरमाला पाहिलीत तर का सा ता ना हा मा या रा वा, हा क्रम कुठून आला असेल? आपल्या वर्णमालेतूनच! बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम लिपी शिकायचे, त्यातून तो क्रम तिकडे रुजला. 'सा' आपल्या 'च' च्या जागी आहे आणि 'हा' 'प' च्या जागी, कारण जुन्या जपानीत त्यांचे उच्चार वेगळे होते. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला आणि ७५२ मध्ये नाराच्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडायचा विधी त्याच्या हातून झाला. मी क्योतोला स्मशानातल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम अक्षरं पाहिली तेव्हा अंगावर काटा आला, आपल्याच घरातलं काहीतरी परक्या माजघरात दिसावं तसं.

केपची_सिस्टर

मी केपटाउनला रुग्णालयात २२ वर्षं काम करतेय, त्यामुळे आफ्रिकान्सच्या बाजूने बोलायचा हक्क सांगते. मृण्मयी, दीड वर्षात तू जे बघितलंस ते वरवरचं. खाली उतरलीस की सगळीकडे मराठी सापडेल.

तुझं क्रियापद शेवटी जातं म्हणालीस ना? मग 'कारण' लावून बोलायला लाग! 'ऑमदात एक सीक इस', कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. जोडवाक्य आलं की यांचंही क्रियापद शेवटी जाऊन बसतं.

मग षष्ठी. 'मेय मा सा कॉफी' म्हणजे माझ्या आईची कॉफी. हा 'सा' म्हणजे आपला चा-ची-चे, फक्त बदलत नाही.

आणि द्वितीयेचं तर मला फार नवल वाटलं होतं. आपण म्हणतो 'मी डोंगर पाहिला' पण 'मी यानला पाहिलं', माणूस असला की 'ला' येतो, वस्तूला नाही. इथेही रोजच्या बोलण्यात तस्संच. 'एक हेट दी बर्ख खसीन', डोंगर पाहिला, साधं. पण 'एक हेट फर यान खसीन', माणूस आला की पुढे 'फर' लागला. इंग्रजीला हे नाही, जपानीला तरी आहे का? तिथे सगळ्यांना एकच 'ओ' ना?

आणि सगळ्यात गोड म्हणजे ओम आणि तानी. कोणीही वडीलधारा पुरुष 'ओम', बाई 'तानी', म्हणजे काका आणि काकू. आणि त्यांच्याशी बोलताना 'तू'ही नाही 'तुम्ही'ही नाही, 'ओम कॉफी घेणार का?', 'तानीला बरं वाटतंय का?' असं नात्याच्याच शब्दाने बोलायचं. वॉर्डात एका सत्तरीच्या आजोबांना मी पहिल्यांदा 'ओम' म्हटलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, तुम्ही आमच्यातल्या कधी झालात.

नागोयाचा_नाना

@सिस्टर, हो, इथे सगळ्यांना 'ओ'. पण तुमच्या ओम-तानीवरून आठवलं, जपानीतही समोरच्याला 'आनाता' म्हणणं टाळतात, उद्धट वाटतं. 'तानाका-सान कॉफी घेणार का', 'सेन्सेइ कधी आले' असंच. माझी घरमालकीण मला पाच वर्षांत एकदाही 'तू' म्हणाली नाही. म्हणजे इथे दोन्ही भाषा एकत्र आल्या आणि आपण तिसरे.

आणि तुमची कॉफीही इथे आहे. आईची कॉफी 'हाहा नो कोऽहिऽ'. कॉफी हा शब्द जपानीत डचांकडून आलाय!

शब्दवेडा

नानांनी योग्य धाग्याला हात घातला, आता मला राहवत नाही, लांबलचक लिहिणार आहे.

या दोन भाषांची तुलना म्हणजे आंबा आणि फणस असं वाटतं, पण दोघींच्या अंगणातून एकच रस्ता गेलाय, डच ईस्ट इंडिया कंपनीचा. कंपनी १६०२ ची. हिने १६५२ मध्ये यान फान रिबेकला टेबल बेवर, म्हणजे आजच्या केपटाउनच्या किनाऱ्यावर, पाठवलं, जहाजांना ताजी भाजी-मांस-पाणी मिळावं म्हणून ठाणं करायला. तिथे डच खलाशी, स्थानिक खोइखोइ लोक आणि पूर्वेकडून आणलेले गुलाम यांच्या तोंडी डच भाषा झिजत झिजत आफ्रिकान्स झाली. आणि जपानमध्ये हीच कंपनी १६४१ पासून नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर कोंडलेली, कंपनी १७९९ मध्ये बुडाल्यावरही डच तिथेच राहिले, सगळी मिळून दोनशेहून जास्त वर्षं, युरोपातून व्यापार करायला परवानगी फक्त यांना. आणि गंमत बघा, केप वसवणारा हाच रिबेक त्याआधी १६४३ मध्ये देजिमाला जाऊन आला होता!

त्यामुळे जपानीत जे डच शब्द शिरले त्यांची भावंडं आफ्रिकान्समध्ये आजही घरात वावरतात. जपानी 'बिऽरु' आणि आफ्रिकान्स 'बीर'. जपानी 'गारासु', आफ्रिकान्स 'ग्लास' चा 'ख्लास'. जपानी 'कोप्पु' म्हणजे पाण्याचा पेला, आफ्रिकान्स 'कॉपी' म्हणजे कप. जपानीत 'मेसु' ही फक्त सर्जनची सुरी, आफ्रिकान्समध्ये 'मेस' कुठलीही सुरी, कांदा चिरायचीसुद्धा. 'बुरिकि' पत्रा, 'ब्लिक' डबा. आणि मला सगळ्यात आवडतो तो 'दुक', म्हणजे कापड. आफ्रिकान्समध्ये तो बायकांच्या डोक्याचा रुमाल झाला, जपानमध्ये 'झुक्कु' होऊन कॅनव्हासचे बूट झाला. एकच शब्द, इकडे डोक्यावर आणि तिकडे पायात.

आता माणूस. कार्ल पीटर थुनबर्ग, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ, लिनियसचा शिष्य. याला जपानची झाडं बघायची होती, पण तिथे डच सोडून कोणा युरोपियाला प्रवेश नाही. मग यानं काय केलं, तर १७७२ ते १७७५ केपमध्ये राहिला, झाडं गोळा केली आणि तीन वर्षांत डच बोलणं इतकं सुधारलं की डच माणूस म्हणून देजिमाला उतरला. मृण्मयी, तुमच्या बरोबर उलटा प्रवास! तुम्ही जपानीकडून केपला आलात, तो केपला भाषा शिकून जपानला गेला.

शब्दवेडा

एक राहिलंच. १७७४ मध्ये सुगिता गेनपाकू आणि मंडळींनी डच शरीरशास्त्राच्या पुस्तकाचं भाषांतर छापलं, 'काइताइ शिन्शो'. धड शब्दकोश हाताशी नव्हता. म्हातारपणी सुगितांनी आठवण लिहिलीय की 'नाक म्हणजे चेहऱ्याच्या मध्ये फुरुहेहेंदो असलेली वस्तू' या वाक्यापाशी सगळे अडकले. मग एका चोपडीत सापडलं, फांदी तोडली की तिथे फुरुहेहेंदो होतं, अंगण झाडलं की कचऱ्याचं फुरुहेहेंदो होतं. डोकी खाजवून शेवटी कोणाला तरी सुचलं, फांदी तोडल्यावर गाठ येते, कचऱ्याचा ढीग होतो, म्हणजे उंचवटा! सुगिता म्हणतात, त्या क्षणीचा आनंद कशाशी तोलता येणार नाही. भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक फुरुहेहेंदो असतोच.

अनघा_देव

हे फुरुहेहेंदो आता आमच्या घरात रूढ होणार. मुलगा आत्ताच बेसिनमधल्या भांड्यांना म्हणाला.

वेंगुर्ल्याचा_वारा

डच कंपनी म्हटल्यावर आम्हाला बोलावंच लागतं. आमच्या वेंगुर्ल्यात यांचीच वखार होती सतराव्या शतकात, भिंती अजून उभ्या आहेत, झाडांनी धरलेल्या. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो आणि तेव्हा कोणी सांगितलं नाही की याच कंपनीची दुसरी दारं केपला आणि नागासाकीला उघडतात. कोणी गेलात तर अवश्य बघा.

आणि डचांच्या आधीचे पोर्तुगीज विसरू नका. आफ्रिकान्समध्ये जेलला 'ट्रोंक' म्हणतात. मराठीत तुरुंग. दोन्ही पोर्तुगीज 'त्रोंकु' पासून, मूळ अर्थ झाडाचं खोड किंवा खोडा. जुन्या आफ्रिकान्समध्ये मुलं सांभाळणारी बाई 'आया', आपल्याकडेही आया, तीही पोर्तुगीज. जपानीत पावाला 'पान', आपला पाव, दोन्ही त्यांच्याच भट्टीतले. बटाटा आपण पोर्तुगीजांकडून घेतला. आफ्रिकान्समध्ये 'पाटाट' म्हणजे रताळं. आणि जपानीत बटाट्याला 'जागाइमो' म्हणतात, म्हणजे जकार्ताचा कंद, कारण तो डच जहाजांतून तिकडून आला.

केपची_सिस्टर

आणि लोणच्याला इथे 'आचार' म्हणतात, आंब्याचं आचार दुकानात बरणीत मिळतं. केळ्याला 'पिसांग', बशीला 'पीरिंग', खूप म्हणजे 'बाया', हे मलायकडचे शब्द, गुलामांबरोबर आलेले.

पार्लेकर

'बाया' म्हणजे खूप? मग 'खूप धन्यवाद' कसं म्हणतात?

केपची_सिस्टर

'बाया डांकी'.

पार्लेकर

बाया डांकी! उद्या ऑफिसात हेच.

मृण्मयी_पार्ल

हाहा. आणि पहिल्या महिन्यात शेजारच्या तानी फोनवर सारख्या 'या, या, या' म्हणायच्या, मला वाटायचं कोणाला तरी घरी बोलावताहेत, नुसतं 'हो, हो' चाललेलं असायचं. पण माझा सगळ्यात लाडका शब्द वेगळाच आहे. लवकर-लवकर, झटकन, याला हे 'गोउ-गोउ' लिहितात पण 'ग' चा उच्चार घशातून 'ख' होतो. म्हणजे काय होतं? खो-खो!! शाळेच्या फाटकापाशी एक आई पोराला ओरडली 'खो-खो!' आणि ते पोर धावत सुटलं, मी जागच्या जागी उभी.

सुलभा_मॅडम

मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. द्विरुक्तीचा विषय निघाला म्हणून लिहिते. हळूहळू, लवकर-लवकर, जागोजागी हे आपल्याला सहज आहे. मृण्मयी, आफ्रिकान्समध्ये असे आणखी शब्द आहेत का? युरोपातल्या भाषांत हे फारसं नसतं. जपानीत तर 'गुरुगुरु' म्हणजे गरगर आणि 'दोकिदोकि' म्हणजे छातीची धडधड असं माझी नात सांगत होती, ती कार्टून बघून शिकली. मला ऐकताच आवडले.

दुसरं, आकडे. आमच्याकडे २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' आलं तेव्हा किती गदारोळ झाला आठवत असेल. जोडाक्षरी संख्यानामं मुलांना अवघड जातात हे मी स्वतः पाहिलंय, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न यांत गडबड करणारी हुशार मुलं. जपानीत आणि आफ्रिकान्समध्ये कसं म्हणतात?

नागोयाचा_नाना

मॅडम, जपानीत सरळ. एकवीस म्हणजे 'नि-जूऽ-इचि', दोन-दहा-एक. दहापर्यंत आले की ९९ पर्यंत आले. इथली मुलं या बाबतीत सुखी.

मृण्मयी_पार्ल

आणि आफ्रिकान्समध्ये आपल्यासारखं, मॅडम! आधी एकक. एकवीस 'ईन-एन-ट्विन्तख', एक-आणि-वीस. पंचेचाळीस 'फेइफ-एन-फीर्तख', पाच-आणि-चाळीस. फक्त आपल्यासारखी अक्षरं वितळलेली नाहीत, सगळे सांधे दिसतात. कोणी फोन नंबर जोडीजोडीने सांगितला तर माझ्या इंग्रजी मैत्रिणी उलटा लिहितात, मी मराठीतून ऐकते आणि बरोबर लिहिते. द्विरुक्ती भरपूर आहे, 'नोउ-नोउ' म्हणजे एवढ्यात, 'कोर्ट-कोर्ट' म्हणजे घडीघडी, 'प्लेक-प्लेक' म्हणजे जागोजागी, 'लाख-लाख' म्हणजे हसत-हसत.

लिहिता लिहिता लक्षात येतंय की मी माझ्याच विरुद्ध पुरावे देतेय.

तंजावरचा_पाहुणा

जपानी जवळची वाटते यात नवल काय, जपानी आणि तमिळ बहिणी आहेत आणि मराठीवर द्राविडी संस्कार आहेत. प्रश्न मिटला.

शब्दवेडा

@तंजावर, एवढ्या पटकन मिटत नाही. सुसुमु ओनो या जपानी भाषातज्ज्ञाने तमिळ-जपानी नात्याची मांडणी केली होती, पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी ती स्वीकारलेली नाही. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम, नामाला मागून जोडलेले प्रत्यय, '-ऊन' सारखी रूपं ही तुर्की, मंगोल, कोरियन अशा कितीतरी भाषांत आहेत. साम्य म्हणजे नातं नव्हे. मराठीवर द्राविडी शेजाराचा परिणाम आहे हे मात्र खरं.

आणि नात्याचंच बोलायचं तर नातं आफ्रिकान्सशी आहे! दोघी इंडो-युरोपीय. 'नाम' म्हणजे नाव. 'तांट' म्हणजे दात. 'नेउस' म्हणजे नाक, नासिका, म्हणजे सुगितांना छळणारं तेच नाक. 'क्नी' गुडघा, आपलं जानु. 'द्री' तीन, 'आख्ट' आठ, 'नुव्ह' नवा. म्हणून मी म्हणेन आफ्रिकान्स ही भाऊबंदकीतली, पिढ्यान्पिढ्या गाठभेट नाही पण नाक तेच. जपानीशी रक्ताचा संबंध नाही, पण स्वभाव जुळतो, घरात आल्या आल्या कुठे काय ठेवलंय ते तिला विचारावं लागत नाही.

तंजावरचा_पाहुणा

ओनोंचं मला शाळेत एका सरांनी सांगितलं होतं ते तसंच मनात राहिलं. नाक तेच हे पटलं. धन्यवाद.

सोवेटो_शेजारी

सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी जोहान्सबर्गला नऊ वर्षं होतो. माझ्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ सोवेटोत, म्हणजे तिथल्या काळ्यांच्या वस्तीत, वाढलेले, आफ्रिकान्स उत्तम समजायची त्यांना, पण तोंडातून एक शब्द काढायचे नाहीत. कारण १६ जून १९७६. सरकारने काळ्या मुलांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकायची सक्ती केली, मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. शाळेच्या गणवेशातल्या मुलांवर. आज त्या दिवशी तिथे सुट्टी असते.

मृण्मयी, तुमच्या पार्लच्या डोंगरावर या भाषेचं स्मारक आहे ना, ते १९७५ चं. भाषेला अधिकृत दर्जा मिळून ५० वर्षं झाली म्हणून. आणि पुढच्याच वर्षी हे. भाषा अवघड की सोपी याचा हिशोब तासांत होतो, पण कोणाला ती कशी मिळाली याचाही हिशोब असतो. आणि वर्णद्वेषी राजवटीत, १९६० च्या दशकात, व्यापारासाठी जपान्यांना तिथे 'मानद गोरे' ठरवलं होतं. आपल्या दर्बनच्या भारतीयांना नाही. मला ही भाषा गोड लागत नाही, माफ करा.

केपची_सिस्टर

@सोवेटो_शेजारी, माफी कशाला, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. ती जखम खरी आहे आणि मी ती रोज बघते. पण भाषा त्या सरकारची नव्हती हो. आफ्रिकान्स घरी बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा बाकीचेच जास्त आहेत. ज्या गुलामांच्या तोंडी ती घडली त्यांच्या नातवंडा-पतवंडांची ती आईची भाषा आहे. गोऱ्यांनीच तिला कितीतरी वर्षं 'कॉम्बेसताल' म्हणून हिणवलं, म्हणजे स्वयंपाकघरातली भाषा. आणि केपच्या मुसलमानांनी एकोणिसाव्या शतकात मदरशांत ती चक्क अरबी लिपीत लिहिली, धर्माची पुस्तकं लिहिली. धर्मपंडित अबू बकर एफेन्दी यांचं असं पुस्तक १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. आफ्रिकान्समधलं संपूर्ण बायबल आलं १९३३ मध्ये, म्हणजे आधी कोण लिहीत होतं बघा.

आणि आपलेही लोक आहेत यात. रत्नागिरी-रायगडकडच्या गावांतून कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला आले, दुकानं घातली. त्यांची पुढची पिढी इंग्रजी-आफ्रिकान्स बोलते. माझ्या वॉर्डात एक आजी होत्या, नव्वदीच्या. सगळं आफ्रिकान्समधून. ताप वाढला त्या रात्री मात्र 'पानी दे गो' म्हणाल्या. मी 'घेवा' म्हणून पेला तोंडाला लावला. सकाळी त्यांच्या नातीला सांगितलं तर तिला ते शब्द माहीतच नव्हते, तिने माझ्याकडून वहीत लिहून घेतले.

वेंगुर्ल्याचा_वारा

सिस्टर, डोळ्यांत पाणी आलं.

सोवेटो_शेजारी

सिस्टर, अरबी लिपीतलं मला माहीत नव्हतं. त्या गृहस्थांची आठवण तशीच राहील, पण त्या आजींचीही राहील.

नागोयाचा_नाना

मृण्मयी, मूळ प्रश्न राहिलाच की. मी माझं मत बदलतो. एन-२ कुठेही पळून जात नाही, जुलै आणि डिसेंबर दर वर्षी येतात. वाचन रोज दहा मिनिटं चालू ठेवा, नाहीतर चिन्हं पुसली जातात, हे मात्र अनुभवाने सांगतो. बाकी तास जिथे तुम्ही राहता तिथल्या भाषेला द्या. भाषा कानावर फुकट पडतेय, ती संधी मला पुण्यात जपानी शिकताना कोणी दिली असती तर!

सुलभा_मॅडम

सहमत. शिवाय दोन्ही वह्या वेगळ्या रंगाच्या ठेवा.

मृण्मयी_पार्ल

सगळ्यांचे बाया डांकी :)

चार दिवस धागा वाचतेय, परत परत. सोवेटो_शेजारी, तुमचं वाचून त्या स्मारकावर परत गेले. आधी दोनदा फक्त फोटो काढून आले होते. या वेळी खाली बाकावर बसले, तर शाळेची सहल आली होती, सगळ्या रंगांची पोरं, आपापसांत आफ्रिकान्समधून भांडत होती डब्यावरून. तुमच्या मित्राला ते बघून काय वाटलं असतं मला सांगता येणार नाही, म्हणून काही ठरवत नाही.

जवळची कोणती याचं उत्तर शब्दवेडांनी दिलंय तेच मला पटतं. जपानीत मी विचार करते तसं बोलता येतं आणि आफ्रिकान्समध्ये अधूनमधून एखादा शब्द नात्यातला निघतो. सुलभा मॅडम, वह्या आणल्या, जपानीची निळी आणि आफ्रिकान्सची हिरवी.

आणि काल संध्याकाळी शेजारच्या तानींकडे गेले होते. म्हटलं, 'तानी, मी उशिरा आले कारण मुलगी आजारी आहे', 'ऑमदात' लावून, क्रियापद शेवटी. त्या काहीच बोलल्या नाहीत, सरळ आत गेल्या आणि सूपचं भांडं घेऊन आल्या. म्हणाल्या, घरी ने, खो-खो, गरम आहे तोवर.

पार्लेकर

सूप कसलं होतं?

मृण्मयी_पार्ल

मटार आणि मटणाच्या हाडांचं. वरून मी लसणाची फोडणी दिली, ती त्यांना उद्या देऊन बघणार आहे.